उजेड वाढवू नये, जागेवर आणावा

व्यापारी घरात तराजूला जो मान असतो, तो फार थोड्या वस्तूंच्या वाट्याला येतो. ठरावीक मुदतीत वजनमापांची पडताळणी होते, त्यावर शिक्का पडतो. काटा केसभर झुकला, तरी ग्राहकाने सांगण्यापूर्वी तो गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दिसतो. मात्र त्याच दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या मालवाहू पिकअपविषयी कोणी विचारले, की हिच्या दिव्यांचा झोत नेमका कुठे पडतो, तर बहुधा एकच उत्तर मिळते, "दोन्ही लागतात की!" दिवे लागतात, हे खरे. ते कुठे लागतात, हा प्रश्न निराळा आहे, आणि या वेळी या सदरात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या पेढीवर एखादी तरी पिकअप असतेच. सांगलीची हळद असो, लातूरची डाळ असो वा इचलकरंजीचे कापड, शेवटच्या टप्प्यावरचा माल याच गाडीतून येतो-जातो. पहाटे चारला बाजार समितीकडे निघायचे, दिवसभर गावोगावी माल उतरवायचा आणि आठवडी बाजार आटोपून रात्री उशिरा परतायचे, हा तिचा नित्यक्रम. म्हणजे घरातील मोटार जितका काळ अंधारात धावत नसेल, तितका काळ ही गाडी धावते. तिच्या दिव्यांकडे लक्ष देण्यास याहून अधिक कारण नको.

दिव्याचा उजेड कमी वाटू लागला, की आपला पहिला विचार उजेड वाढविण्याचा असतो. बाजारातून जास्त वॅटचा बल्ब आणला जातो, कोणी पांढऱ्या शुभ्र एलईडीचा संच बसवून घेतो, कोणी बंपरवर आणखी दोन दिवे ठोकतो. वस्तुतः दहापैकी कितीतरी वेळा कमतरता उजेडाची नसते. उजेड चुकीच्या जागी पडत असतो. तो झाडांच्या शेंड्यांवर, समोरच्याच्या डोळ्यांत किंवा स्वतःच्याच बंपरसमोरच्या चार पावलांवर सांडत असतो. तो जागेवर आणावयास खर्च जवळजवळ शून्य, वेळ अर्धा-पाऊण तास, आणि साधने म्हणजे एक भिंत, एक मोजपट्टी, खडू व एक पेचकस.

झोताची कडा आणि एक टक्क्याचे गणित

चालक ज्याला 'डिपर' म्हणतात, त्या खालच्या झोताला वर एक स्पष्ट कडा असते. भिंतीवर प्रकाश टाकला, की कडेखाली लख्ख उजेड आणि कडेवर अंधूकपणा दिसतो. नेहमीच्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक इवलीशी वाटी असते. ती तारेचा खाली जाणारा प्रकाश अडविते आणि त्यामुळे ही कडा तयार होते. आपण डाव्या बाजूने वाहने चालवितो, म्हणून आपल्याकडील दिव्यांत ही कडा उजवीकडे सपाट असते आणि डावीकडे तिरकी वर चढते. उजवीकडून समोरची वाहने येतात, त्यांचे डोळे वाचावेत. डावीकडे रस्त्याची कड आणि पायी चालणारी माणसे असतात, ती दुरून दिसावीत, असा त्यामागचा विचार. अमेरिकेत वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिथे हीच रचना उलट असते. परदेशी चित्रफिती पाहून दिवे लावणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

ही कडा किती खाली असावी? बहुतेक नव्या गाड्यांत पुढच्या दिव्याजवळ किंवा बॉनेटच्या आतील बाजूस एक लहान चिठ्ठी वा ठसा असतो. त्यावर दिव्याची खूण आणि १.०, १.२ असा टक्क्यांचा आकडा दिलेला असतो. एक टक्का म्हणजे दर मीटरला एक सेंटिमीटर उतार. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटर उंचीवर असेल आणि झोताला एक टक्का उतार असेल, तर कडा ९० मीटरवर जमिनीला टेकते. उतार दोन टक्के झाला, तर तीच कडा ४५ मीटरवर टेकते. तीन टक्के झाला, तर अवघ्या ३० मीटरवर.

हे आकडे रस्त्यावर ठेवून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबेपर्यंत आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. एकूण सुमारे ४५ ते ५० मीटर. माल भरलेला असेल, रस्ता ओला असेल, टायर झिजले असतील, तर त्याहूनही अधिक. ज्या गाडीचा झोत ३० मीटरवरच संपतो, तिचा चालक दिसण्याच्या पलीकडे गाडी हाकत असतो.

आणि झोत वर गेला तर? मग आपल्याला चांगले दिसल्याचा भास होतो आणि समोरच्याला काहीच दिसत नाही. डोळे दिपल्यानंतर पुन्हा नीट दिसू लागण्यास काही सेकंद लागतात. वय वाढले, की अधिक. तीन सेकंद धरले, तरी ६० च्या वेगाने समोरचा दुचाकीस्वार ५० मीटर आंधळा जातो. त्या ५० मीटरांत खड्डा असतो, गतिरोधक असतो, कधी ऊस भरलेली बैलगाडी असते.

पिकअपचा खास दोष

घरच्या मोटारीपेक्षा पिकअपला हा प्रश्न अधिक छळतो, कारण तिचे वजन रोज बदलते. मागे माल चढला, की मागचे पाटे दबतात, गाडीची शेपटी खाली बसते आणि नाक वर उचलले जाते. नाकाबरोबर दिवेही आकाशाकडे पाहू लागतात.

हे किती होते, ते पाहू. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर सुमारे तीन मीटर धरू. मालामुळे मागची बाजू पुढच्यापेक्षा केवळ ५ सेंटिमीटर अधिक बसली, तर ३०० सेंटिमीटरला ५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ १.७ टक्के चढ निर्माण होतो. एक टक्का खाली असलेला झोत आता पाऊण टक्क्याच्या आसपास वर गेला. ५० मीटरवर जी कडा पूर्वी जमिनीपासून ४० सेंटिमीटरवर, म्हणजे गुडघ्याच्या जरा खाली होती, ती आता सुमारे १२३ सेंटिमीटरवर पोहोचली. समोरून येणाऱ्या मोटारीच्या चालकाचे डोळे साधारण याच उंचीवर असतात. चालकाने काहीही चुकीचे केलेले नाही. त्याने डिपरच लावला आहे. तरीही समोरचा माणूस त्याला शिव्या देत जातो, दिवे उघडझाप करून खुणावतो, आणि आपला चालक म्हणतो, "डिपरच आहे, आणखी काय करू?"

उलट प्रकारही घडतो. जास्त माल पेलावा म्हणून पुष्कळ जण मागे एखादा जादा पाटा घालून घेतात. मग रिकामी गाडी मागून उंच आणि पुढून झुकलेली राहते. तिचा झोत बंपरसमोरच कोसळतो. परतीच्या रिकाम्या फेरीत चालकाला पुढचे दिसत नाही, म्हणून तो सर्रास 'अप्पर' लावून येतो. असा पाटा बदलल्यावर, टायरांचा आकार बदलल्यावर, किंवा समोर धडक बसून दुरुस्ती झाल्यावर दिवे पुन्हा लावून घेणे अगत्याचे आहे.

अनेक गाड्यांत यावर उपाय दिलेलाच असतो. स्टिअरिंगजवळ ०, १, २, ३ असे आकडे असलेले एक छोटे चक्र असते. शून्य म्हणजे रिकामी गाडी. माल वाढत जाईल तसा आकडा वाढवायचा, म्हणजे झोत खाली येतो. पुष्कळ चालकांना हे चक्र कशासाठी आहे, हे कोणी सांगितलेलेच नसते. काहींची समजूत असते, की आकडा वाढविला म्हणजे उजेड वाढतो. गाडीच्या माहितीपुस्तकात कोणत्या भाराला कोणता आकडा, ते दिलेले असते. ते एका कागदावर मराठीत लिहून सन व्हायजरच्या मागे चिकटवावे.

भिंतीसमोरचा अर्धा तास

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. यासाठी संध्याकाळची वेळ निवडावी. पूर्ण अंधार नसला तरी चालेल, कडा दिसली म्हणजे झाले. घरातील तिघांनी मिळून हे काम केले, तर सोपे जाते. एक गाडीत बसेल, एक भिंतीपाशी आणि एक पेचकस धरील. दहावीत शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर मोजमाप त्यांच्याकडे द्यावे. समरूप त्रिकोणाचा धडा एका संध्याकाळी पक्का होईल.

प्रथम गाडीची तयारी. चारही टायरांत ठरलेल्या दाबाची हवा भरावी, कारण एका बाजूचा टायर मऊ असेल, तर सारे माप वाकडे येते. दिव्यांच्या काचा पुसाव्यात. चालकाच्या जागी कोणीतरी बसलेले असावे. हौद्यात उगाच पडून राहिलेली ताडपत्री, दोर, रिकाम्या पेट्या यांपैकी रोज असते तेवढेच ठेवावे. गाडी दोन-चार वेळा हलवून पाटे आपल्या जागी बसू द्यावेत. दिव्यांची उंची बदलणारे चक्र असेल, तर ते शून्यावर आणावे.

मग जागा. गोदामाची सपाट भिंत उत्तम. शटरच्या वळ्यांवर कडा नीट दिसत नाही. भिंत आणि गाडी यांच्यामधील जमीन एकाच पातळीत हवी. गोदामापुढे पाणी वाहून जाण्यासाठी उतार केलेला असतो, तो डोळ्यांना जाणवत नाही, पण झोताला जाणवतो. शंका असेल, तर गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्यावी. मागचे चाक, पुढचे चाक आणि भिंतीचा पायथा या तिन्ही ठिकाणी पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंतचे अंतर सारखे आले, की जागा योग्य.

यानंतर गाडी सरळ पुढे घेऊन भिंतीला जवळजवळ भिडवावी. प्रत्येक दिव्याच्या मध्यबिंदूसमोर भिंतीवर फुली करावी. दोन्ही फुल्यांतून एक आडवी रेघ ओढावी आणि प्रत्येक फुलीतून एक उभी रेघ. आता स्टिअरिंग न वळविता गाडी सरळ मागे घ्यावी आणि दिव्याच्या काचेपासून भिंतीपर्यंत बरोबर ५ मीटर अंतर ठेवावे. हँडब्रेक ओढावा, चाकाला लाकडी ठोकळा लावावा. पहिल्या आडव्या रेघेखाली दुसरी आडवी रेघ ओढावी. चिठ्ठीवर १.० टक्का असेल, तर ही रेघ ५ सेंटिमीटर खाली येईल, १.२ असेल, तर ६ सेंटिमीटर, १.५ असेल, तर साडेसात. हीच आपली कामाची रेघ.

आता इंजिन सुरू ठेवून डिपर लावावा. गोदामाच्या आत हे करीत असाल, तर दारे पूर्ण उघडी असलीच पाहिजेत, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एका दिव्यासमोर पुठ्ठा धरून तो झाकावा. कापड टाकू नये, हॅलोजनच्या उष्णतेने ते करपते. उघड्या दिव्याच्या झोताची कडा भिंतीवर पाहावी. उजवीकडील सपाट भाग खालच्या रेघेवर यावा आणि जिथून कडा डावीकडे वर चढू लागते, तो कोपरा उभ्या रेघेवर यावा.

तसे नसेल, तर दिव्याच्या मागील बाजूस, बॉनेट उघडल्यावर, सहसा दोन स्क्रू वा प्लास्टिकची चक्रे दिसतात. एकाने झोत वर-खाली होतो, दुसऱ्याने डावी-उजवीकडे. कोणत्या दिशेने फिरविल्यावर काय होते, हे प्रत्येक गाडीत वेगळे असते, म्हणून पाव फेरा फिरवावा आणि भिंतीकडे पाहावे. आधी उंची, मग बाजू, मग पुन्हा उंची, असा क्रम ठेवावा. स्क्रू गंजून अडकला असेल, तर जोर करू नये. प्लास्टिकचे दाते तुटले, की अख्खा दिवा बदलावा लागतो. एक दिवा झाला, की दुसरा. अप्परचा झोत ज्या गाड्यांत त्याच दिव्यातून येतो, तिथे तो आपोआप जागेवर येतो.

घाई करू नये. ५ मीटरवर भिंतीवर दिसणारी एका सेंटिमीटरची चूक ५० मीटरवर दहा सेंटिमीटर होते. तराजूत तोळ्याचा हिशेब ठेवणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

शेवटी, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीइतका माल भरल्यावर गाडी पुन्हा त्याच जागी उभी करावी. कडा किती वर गेली, ते पाहावे. चक्र असेल, तर ते कोणत्या आकड्यावर आणल्यास कडा पुन्हा कामाच्या रेघेवर येते, ते टिपून ठेवावे. चक्रच नसेल आणि गाडी रात्री बहुधा भरलेलीच धावत असेल, तर त्या नेहमीच्या भारावरच कडा रेघेवर आणावी. मग रिकाम्या फेरीत उजेड थोडा जवळ पडेल, तेव्हा वेग कमी ठेवावा लागेल; ते सोसण्याजोगे आहे. समोरच्याचे डोळे दिपणे सोसण्याजोगे नाही.

आणखी एक सूचना आहे. भिंतीवरील खडूच्या रेघा पुसू देऊ नयेत. त्या रंगाने पक्क्या कराव्यात आणि चाकांच्या जागी जमिनीवरही खूण करावी. एकदा हे झाले, की पुढे दर महिन्याला तपासणीचे काम पाच मिनिटांचे. वर्षातून एकदाच बघायची गोष्ट आपण विसरतो. भिंतीवर रोज दिसणारी गोष्ट विसरत नाही.

रेघेवर आणूनही उजेड अपुरा असेल तर

मग पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात. काच पिवळी, धुरकट झाली आहे का? पॉलिश करून ती पुष्कळ सुधारते. आतील आरसा काळवंडला आहे का? तसे असेल, तर दिवा बदलणेच बरे. बल्ब आपल्या खाचेत नीट बसला आहे का? नेहमीच्या एच-फोर बल्बला तीन कान असतात आणि तो एकाच प्रकारे बसतो. वाकडा बसला, की कडाच बिघडते. नवा बल्ब बसविताना त्याच्या काचेला बोट लावू नये. हाताचा तेलकटपणा तापून काच खराब करतो.

याहून महत्त्वाचे म्हणजे बल्बपर्यंत वीज किती पोहोचते. गंजलेले जोड आणि सैल अर्थिंग यांमुळे व्होल्टेज घसरते. हॅलोजन बल्बचे व्होल्टेज दहा टक्के घसरले, तर उजेड दहा टक्के घटत नाही. तो जवळजवळ तीस टक्के घटतो. म्हणजे जोड घासून साफ करण्याच्या फुकटच्या कामातून कधीकधी नव्या बल्बइतका लाभ होतो.

आता मोहाच्या दोन वस्तूंविषयी. मूळ बल्ब साधारणपणे १२ व्होल्टचा आणि ६०/५५ वॅटचा असतो. बाजारात १००/९० वॅटचा मिळतो. तो नियमात बसत नाही, त्याने होल्डर वितळतो, तारा तापतात, आणि झोत चुकीचा असेल, तर चूकही तितकीच प्रखर होते. दुसरी वस्तू म्हणजे हॅलोजनच्या दिव्यात घालावयाचा एलईडी संच. दिव्याचा आरसा त्या बारीक तारेची जागा गृहीत धरून घडविलेला असतो. एलईडीचा प्रकाश निराळ्या जागेतून व निराळ्या दिशेने निघतो, त्यामुळे कडा फाटते आणि उजेड वर सांडतो. भिंतीसमोर उभे केल्यावर हे लगेच दिसते, आणि कोणताही स्क्रू फिरवून ते सुधारत नाही. ज्या गाड्यांना कारखान्यातूनच एलईडी दिवे आलेले आहेत, त्यांची गोष्ट वेगळी. ज्यांत उंची आपोआप जुळते, त्या दिव्यांना घरी हात न लावता कार्यशाळेतच न्यावे.

कायदा आणि कायद्यापलीकडचे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०६ वा नियम याच विषयावर आहे. दिव्याच्या समोर ८ मीटरवर, त्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूस आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसाचे डोळे दिपू नयेत, इतका झोत खाली वळलेला किंवा वळविता येण्याजोगा असावा, असा त्याचा आशय. घरी याची परीक्षा घेणे सोपे आहे. सुमारे पाच फूट चार इंच उंचीच्या व्यक्तीचे डोळे दीड मीटरच्या आसपास असतात. घरातील अशा कोणालाही त्या जागी उभे करून डिपर लावावा आणि विचारावे, "त्रास होतो का?" मालवाहू गाडीच्या योग्यता प्रमाणपत्राच्या वेळी दिव्यांचीही तपासणी होते, मात्र दोन तपासण्यांमध्ये गाडी हजारो किलोमीटर चाललेली असते आणि खड्ड्यांनी स्क्रू हळूहळू सैल केलेले असतात.

जुन्या वाचकांना आठवत असेल, पूर्वी मालमोटारींच्या दिव्यांवर काळा रंग फासलेला असे. आजही ट्रकच्या पाठीवर रात्री डिपर वापरण्याची विनंती रंगविलेली दिसते. समोरच्याचे डोळे जपावेत, हा विचार आपल्या रस्त्यांना नवा नाही. साधने मात्र आता अधिक नेमकी आहेत.

दसऱ्यानंतर आपल्या भागातील रस्त्यांचे चित्र बदलते. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. परावर्तक पट्ट्या नसलेल्या बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात. पहाटे दूध घेऊन निघालेला सायकलस्वार असतो, कारखान्याच्या पाळीवरून परतणारा कामगार असतो. चातुर्मास संपून विहार सुरू झाल्यावर महामार्गाच्या कडेने पायी जाणारे साधू-साध्वीजी असतात, आणि त्यांच्यासोबत चालणारे श्रावक-श्राविका. यांपैकी कोणाकडेही दिवा नसतो. त्यांना दिसणे आणि त्यांनी दिसणे, दोन्ही आपल्या दिव्यावर अवलंबून असते. डावीकडे वर चढणारी ती कडा नेमकी याच माणसांसाठी घडविलेली आहे. आपण ती आकाशात वा मातीत घालविली, तर दिवा असून नसल्यासारखा.

एक गोष्ट मालकांसाठी. गाडी चालक चालवितो, पण दिव्याची जबाबदारी त्याच्या एकट्याची नव्हे. पगारातून स्वतःच्या खर्चाने बल्ब आणणारे चालक आहेत. मालकाला सांगितले तर 'दिवे लागतात की' हे उत्तर मिळेल, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून आपणच विचारावे: "दादा, रात्री येताना पुढचे नीट दिसते का? समोरचे लोक दिव्याची खूण करतात का?" या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून गाडीच्या दिव्यांची निम्मी तपासणी होते. तो पहाटे चारला निघतो, तेव्हा आपण झोपलेले असतो. त्याच्या डोळ्यांपुढे रस्ता उघडा ठेवणे एवढे तरी आपल्या हातात आहे.

दिवाळीला आपण वह्या मिटवितो, उधारी-उसनवारी तपासतो, काटे स्वच्छ करतो. त्याच आठवड्यात एक संध्याकाळ गोदामाच्या भिंतीसाठी राखून ठेवावी. खडू, मोजपट्टी, पेचकस आणि घरातील तीन माणसे, एवढेच लागते.